पानांना वास नाही

आमच्या घरात नाक म्हणावं असं एकच होतं, अक्काचं. बाकीच्यांची नुसती चष्मा टेकवायला दिलेली. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. बंगळूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांमध्ये अण्णा, अक्का हे कन्नड शेजारातून कधी आले आणि कायमचे राहिले, कुणाला ठाऊक नाही. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि अक्का भावाकडे आली, ती माझ्या जन्माच्याही कितीतरी आधी. सकाळी फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन ठिबकायला लागलं की ती देवघरातून जप थांबवून ओरडायची, "अगं, आज चिकोरी जास्त आहे! कुठून आणलीस पावडर?" आणि आई ओशाळून कबूल करायची की नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून कोपऱ्यावरून आणली. दूध उतू जायच्या आधी तिला वास यायचा, पाऊस यायच्या आधी यायचा, आणि मी कॉलेजातून येताना रस्त्यावर चुरमुऱ्यांची भेळ खाऊन आले तर चपला काढायच्या आधी तिचं सुरू व्हायचं, "कांदा कच्चा होता वाटतं!" मला तिचा भयंकर राग यायचा. असल्या घरात कुणी काय लपवायचं, सांगा.

जानेवारी महिना तर तिचाच. त्या दिवसांत बंगळूरला अवरेकाई येतात, आपले पावटेच, पण इथल्या शेंगांना धुकं पडलं की एक चिकट, तेलकट सुवास सुटतो आणि खरा बंगळूरकर त्या सुवासावरच शेंगा घेतो. जयनगरच्या बाजारात अक्का ढिगासमोर उकिडवी बसायची, मूठभर शेंगा उचलून नाकाशी न्यायची आणि टाकून द्यायची. "सरी इल्ल," बरोबर नाही, पुढचा ढीग. विक्रेत्या बायका तिला बघितलं की आपापसात हसायच्या, पण चांगली टोपली तिच्यासाठी मागे ठेवायच्या. घरी आल्यावर आम्ही सगळे जमिनीवर बसून शेंगा सोलायचो, मग दाणे रात्रभर भिजत, मग सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून त्याची साल उडवायची. दाणा टुणकन उडून अण्णांच्या पेपरावर पडायचा. मागे इडलीच्या पिठाचा ग्राइंडर घरघरतोय, आई साराला फोडणी देतेय, अक्का कुणाचं तरी काहीतरी चुकल्याचं सांगतेय. आता हेब्बाळच्या माझ्या फ्लॅटमध्ये सोललेले दाणे पिशवीतून विकत येतात. शेजारी पुण्याहून आलेलं एक गोड जोडपं आहे, दोघंही आयटीत. त्यांना मी अवरेकाळूचं, म्हणजे त्याच दाण्यांचं, सार दिलं तर म्हणाले, "काकू, किती ऑथेंटिक!" मी म्हटलं, बरं बाबा.

त्या घरात अजून एक वास होता, आणि तोच आम्हाला येत नव्हता. अक्काचे गुडघे दुखायचे. बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून ती मालिशचं एक हिरवट तेल आणायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ चोळायची. पुढे पुढे अण्णांची कंबर, आईची मान, माझं डोकं, सगळ्याला तेच तेल. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरी आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आम्ही एकमेकांकडे बघायचो. आम्हाला काहीच यायचं नाही. अंथरूण, स्वेटर, माझ्या वह्या, सगळं त्यातच मुरलेलं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. हा विषय मी निवडला तेव्हापासून अण्णांच्या कपाळाची आठी गेली नव्हती. गावात जिकडेतिकडे कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या. अण्णांच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा इंदिरानगरला कुठल्याशा कंपनीत लागला होता आणि त्या मुलाचं कौतुक आमच्या घरी रोज जेवताना वाढलं जायचं. अण्णा वाईट नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी क्लासचा फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला होता, वर पेपरवेट. "जूनपर्यंत तुझं पानाफुलांचं काही ठरलं तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर हा भरायचा. सरी?" मी म्हटलं, सरी. म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

ठरण्यासारखी एकच गोष्ट होती. आमचे नंजुंडय्या सर घाटातल्या झाडांची नोंद करायचं एक काम हाती घेणार होते. त्यांना वर्षभर हाताखाली एक विद्यार्थी हवा होता, थोडं मानधन आणि पुढे एम.एस्सी.ला त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. एकच जागा. उटीच्या सहलीत जो सगळ्यांत नेटका संग्रह करेल आणि झाडं बरोबर ओळखेल, त्याला. सर उंच, सुकलेले, मितभाषी; दिवसभर तपकीर ओढायचे आणि त्यांच्या धोतरावर तिचे डाग असायचे. तपकिरीनं त्यांचं नाक पार गेलं होतं, हे ते स्वतःच सांगत. "वासाचं तुम्ही लिहा," म्हणायचे, "मी तुमच्या वहीवर विश्वास ठेवतो."

उटीच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या खोबणीत लहान लहान ओली जंगलं आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दलदल. वरून बघावं तर सपाट गवत, पाय ठेवावा तर गुडघ्यापर्यंत काळं थंडगार पाणी. पहिल्याच सकाळी माझा पाय गवताच्या गड्ड्यावरून घसरला आणि घोटा मुरगळला. अक्कानं पिशवीत तेलाची बाटली कोंबली होती, मी नको नको म्हणत असताना. आता ती माझी देवी झाली. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ घोटा चोळला आणि लंगडत सगळ्यांच्या मागून फिरले. मागे राहिल्यामुळेच ते झुडूप मला दिसलं. बाकीचे पुढे उंच झाडांकडे माना वर करून गेले होते. दलदलीच्या काठाला, जंगल सुरू होतं तिथे, गुडघ्याएवढं बुटकं, दाट झुडूप. पानं जाड, चामड्यासारखी, वरून तुकतुकीत, कडेला बारीक दाते. एवढ्या थंडीच्या कडाक्यात सगळं गवत करपलेलं आणि हे आपलं हिरवंगार. पानांच्या बगलेत पांढरी फुलं ओळीनं लोंबत होती, इवल्याशा उपड्या मडक्यांसारखी. सहलीला निघण्याआधी मी पुस्तकातून एका दुर्मिळ झुडपाचं वर्णन पाठ केलं होतं, व्हॅक्सिनियम त्याचं नाव, आणि मला मनातून तेच हवं होतं. सगळं जुळत होतं. पुस्तकात वासाचा उल्लेख नव्हता. मी नियमाप्रमाणे पान चुरडून हुंगलं. घरापासून लांब, त्या मोकळ्या गार हवेत मलाही तेलाचा वास आला. अर्थात येणारच, माझी बोटं दुसऱ्या कशानं माखली होती? मी बोटं स्वेटरला पुसली, वही काढली आणि लिहिलं: पानांना वास नाही.

हे मी आज इतकं सरळ लिहितेय, पण तेव्हा मला कणभर शंका आली नव्हती असं म्हणणार नाही. हात धुऊन दुसरं पान चुरडायला कितीसा वेळ लागला असता? पण मग कदाचित उत्तर बदललं असतं. मला ते बदलायला नको होतं. एवढीच खरी गोष्ट आहे.

घरी आल्यावर झाडं पेपरात दाबायची, रोज पेपर बदलायचे. वजनाला आम्ही जुन्या रगड्याचा दगडी गुंडा वापरला, ग्राइंडर आल्यापासून तो बेकार पडला होता. फुलं बहुतेक गळाली, चांगल्या फांदीवर दोनच टिकली. खरं तर एक फूल उभं कापून भिंगाखाली बघितलं असतं तर नाव खरं की खोटं ते लगेच कळलं असतं. व्हॅक्सिनियमचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो, त्याच्या चुलत भावंडांचा वर. पण दोनांतलं एक कापलं की शीट, म्हणजे फांदी चिकटवायचा तो जाड कागद, विद्रूप होणार. मी ती फांदी सुंदर अक्षरात नावाची चिठ्ठी लावून तशीच दिली. सरांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, वही बघितली, "वास नाही" वर बोट ठेवलं आणि मान डोलावली. दोन दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "जूनपासून ये. तुझ्या वडिलांना सांग." त्या संध्याकाळी आईनं चिरोटे केले. अण्णांनी कॉम्प्युटरच्या फॉर्मवरचा पेपरवेट उचलला, फॉर्म घडी घालून कपाटात ठेवला आणि दोनदा चष्मा पुसला. मी चार चिरोटे खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात अक्काला फडताळात घालायला पेपर हवे होते. माझ्या कॉटखाली उरलेल्या फांद्यांचं बोचकं होतं, ते तिनं ओढलं. मी अंघोळीला होते. बाहेर आले तर ती व्हरांड्यात पेपर पसरून बसलेली, हातात सुक्या पानांचा चुरा, आणि चेहरा असा की मी चोरी करताना सापडले असावे.

"माझं तेल सांडलंस ना यावर?"

"काय? नाही गं."

"नाही काय! अख्खी बाटली पालथी केलीस आणि वर खोटं बोलतेस. तरीच म्हटलं, तीन दिवसांत बाटली रिकामी कशी झाली!"

"अक्का, सांडलं असतं तर पेपराला डाग नसता का पडला?"

तिनं पेपर उजेडाला धरला. डाग नव्हता. तिनं नवीन पान घेतलं, चुरडलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. बाजारात शेंगा हुंगताना मिटायची तसे. मग राग ओसरलेल्या आवाजात म्हणाली, "अय्यो. हे वरून लागलेलं नाही गं. हे आतलं आहे. माझ्या तेलात तो दुकानदार गंधपुऱ्याचं तेल घालतो ना, तेच हे. हेच ते झाड आहे, पोरी!"

मी साबणानं दोनदा हात धुतले, पान चुरडलं आणि दीर्घ श्वास घेतला. घरात मला काहीच येईना. इतकी वर्षं त्या वासात राहिलेली मी. मी उठले, गच्चीवर गेले, वाऱ्यात दहा मिनिटं उभी राहिले आणि मग हुंगलं. आला. थंड, गोडसर, नाकात शिरणारा, माझ्या अख्ख्या लहानपणाचा वास. मोठ्या पुस्तकात गंधपुरा शोधला तर समोर नाव आलं: गॉल्थेरिया. पानं जाड, दातेरी, चुरडल्यावर तीव्र सुगंध. व्हॅक्सिनियमचं चुलत भावंड, नीलगिरीत मुळीच दुर्मिळ नाही.

कुणालाही कळणार नव्हतं. सरांना नाक नाही, शीट कपाटात बंद, फुलं कापायला कुणी येणार नाही. गप्प बसले तर जूनपासून जंगल. बोलले तर कपाटातला तो घडी घातलेला फॉर्म. मी अक्काला म्हटलं, "कुणाला सांगू नकोस हं." तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार? मला कोण विचारतं? पण ते झाड तिथे उभं आहे आणि तू त्याचं नाव दुसऱ्याला दिलंस, एवढं तुझ्या लक्षात राहील." आणि पेपर गोळा करून आत गेली. मला ती रात्र झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. घोटा, तेल, बोटं, पाठ केलेलं वर्णन, अक्का. सरांनी कपाट उघडलं, शीट काढली, ब्लेड घेतलं आणि उरलेल्या दोनांतलं एक फूल काढून कोमट पाण्यात टाकलं. ते मऊ झालं. मग त्यांनी ते उभं कापलं आणि भिंग माझ्यापुढे सरकवलं. अंडाशय वर होता. अगदी स्पष्ट.

"एनम्मा, काय हे," सर म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला, मी पहिल्यांदा ऐकला तेवढा. "नाव चुकलं त्याचं मला काही नाही. माझी शंभर चुकलीत. पण तुला वास आला होता! आला आणि तू लिहिलंस, नाही. 'तेलाचा वास आला, बोटांचा असावा' असं लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं." मी रडायला लागले. ते तपकिरीची डबी शोधत राहिले. मग म्हणाले, "जागेचं मी नंतर सांगेन. आधी हे."

आमच्या विषयात एक रीत आहे आणि ती मला जगातल्या कुठल्याही रीतीपेक्षा प्रिय आहे. शीटवरचं नाव चुकीचं निघालं तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही. ती तशीच राहते, लिहिणाऱ्याच्या नावासकट. तिच्याखाली नवी चिठ्ठी चिकटवायची, बरोबर नावाची, आणि त्यावर ज्यानं ओळखलं त्याचं नाव. सरांनी नवी चिठ्ठी घेतली, झाडाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. "ओळखलं कुणी?"

"पुस्तकात मी बघितलं, सर."

"ते नंतर. ओळखलं कुणी?"

"अक्कानं."

"अक्का हे नाव नाही. माझ्या घरीही एक अक्का आहे. नाव विचारून ये. आणि त्यांना घेऊन ये, शीट न बघता कुणाचं नाव मी लावत नाही."

घरी आले. अक्का तांदूळ निवडत होती. मला तिचं नाव ठाऊक होतं, म्हणजे रेशनकार्डावर होतं, रमाबाई. तरी म्हटलं, सरांनी विचारायला सांगितलंय तर विचारावं. "अक्का, चिठ्ठीवर तुझं नाव घालायचंय. रमाबाई घालू ना?"

तिचा हात ताटात थांबला. "कशाला माझं नाव?"

"तू ओळखलंस म्हणून. ते शीटवर राहतं, कायमचं."

"कायमचं?" तिनं खडा उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "मग रमा नको. रमा त्यांनी लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं. तीन वर्षं त्या घरात कुणीतरी हाक मारली त्या नावानं, पुढे पस्तीस वर्षं नुसतं कागदावर राहिलं. मी शिमोग्याला जन्मले. बाबांनी नदीचं नाव ठेवलं होतं. तुंगा." आणि मग घाईघाईनं, जणू काही जास्त मागितलं, "चालत असेल तर हं. नाहीतर रमाच लिही."

मी एकवीस वर्षं तिच्याच हातचं खात होते. तिच्या मांडीवर झोपले, तिच्याशी भांडले, तिच्या नाकाची मैत्रिणींपुढे नक्कल केली. आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या दिवशी जी लाज वाटली ती वहीतल्या खोट्यापेक्षा मोठी होती, आणि ती वाटली याबद्दल मी आजही सरांचे आभार मानते.

ती कॉलेजात आली ती ठेवणीतलं इरकल नेसून. पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरत होते, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सर खुर्चीतून उठले, तिला बसवलं आणि शीट दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. अक्का वाकली, हुंगली. "हेच," म्हणाली. मग थेट कन्नडमध्ये सरांनाच, "तुम्ही ती तपकीर सोडा. नाकाचं मातेरं झालंय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर मात्र हसले, दात दिसेपर्यंत. "सोडतो अम्मा," म्हणाले. "आणि एक विचारायचं होतं. जूनपासून हिला घाटात न्यावं म्हणतो. न्यावं का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं, बाजारात ढिगाकडे बघायची तसं, नीट. "न्या," ती म्हणाली. "खोटं एकदा बोललीय. ते स्वतः येऊन सांगितलंय. आता नाही बोलणार."

सरांनी पेन तिच्या हातात दिलं. सही तिनंच करायची होती. कपाटातल्या हजारो चिठ्ठ्या इंग्रजीत, हिनं देवनागरीत लिहिलं. तुं लिहून थांबली, जणू पुढचं आठवावं लागतंय, मग गा. कान्याची रेघ जरा लांब गेली. पुढची तीस वर्षं मी त्या झाडांमध्येच काढली, त्याच कामावर पोट भरलं, मान मिळाला, आनंद तर इतका की सांगता येत नाही, आणि ते सगळं मला तिच्यामुळे मिळालं. ती शीट अजून आहे. वर माझं चुकलेलं नाव, खाली तिचं बरोबर.

त्या दिवशी परतताना बसस्टॉपवर ती माझ्या दोन पावलं पुढे उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. मी हळूच हाक मारून बघितली, "तुंगा आत्या." ती वळली नाही. दुसऱ्या कुणाला तरी मारली असेल असं तिला वाटलं असावं. मी परत मारली. तेव्हा ती वळली, डोळे भरलेले, आणि म्हणाली, "अजून एकदा मार."